मापाची बाई

शेजारच्या ट्रायल रूममधून एक बाई म्हणाली, "मीच सुटलेय गं," आणि माझा चेनवरचा हात तिथल्या तिथे थांबला. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. चेन सरळ वर गेली होती, हुक लागला होता, पट्ट्यात दोन बोटं आरामात जात होती. आरशात मी स्वतःला समोरून, बाजूने आणि मान मोडेपर्यंत मागूनही पाहून घेतलं होतं आणि अशी खूश होते की विचारू नका. आमच्याच कंपनीचं दुकान, आमचीच पँट, नव्या हंगामातली, राखाडी, आणि मी गिऱ्हाईक म्हणून गुपचूप आत शिरलेली. पलीकडे त्या बाईची मुलगी असावी. "आई, श्वास आत घे," असं पातळ आवाजात कुणीतरी म्हणालं. "घेतलाय. अजून किती घेऊ, मरू का?" "मग लार्ज आणते." "लार्ज कशाला? मी कधी लार्ज घातलंय? इतकी वर्षं ह्याच कंपनीचं मीडियम घेतेय, तेही अंगाला न लावता. लेबल चुकलंय बघ." "लेबल बरोबर आहे गं." मग कापड मांडीवरून खाली ओढल्याचा आवाज आला. "वजन तर तेवढंच आहे," बाई म्हणाली, आता हळू, जणू स्वतःशीच. "परवाच काट्यावर उभी राहिले होते. पण काटा काय सांगणार! दिसतंय ना डोळ्यांनी. आजपासून रात्रीचं जेवण बंद." मी भिंतीला टेकले. पातळ फळीची भिंत होती, पलीकडून तीही टेकली असती तर आमच्या पाठी एकमेकींना लागल्या असत्या. तिचं पोट सुटलं नव्हतं. माझं आत गेलं होतं.

हे असं एकदम सांगितलं तर कुणीही मला वेड्यात काढेल, म्हणून नीट सांगते. मी मीडियम आहे. कुणी नर्स असते, कुणी शिक्षिका असते, तशी मी मीडियम. बायकांच्या ऑफिसच्या पँटी आणि शर्ट शिवणाऱ्या कंपनीत मी मापाला उभी राहते. नवी पँट काढायची झाली की कटिंग मास्तर आधी मांजरपाटाची एक कच्ची शिवतात. ती माझ्या अंगावर चढते, मास्तर तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरतात, इथे चिमटीत घेतात, तिथे सोडतात, खडूने रेघ मारतात, आणि ती रेघ मग कागदावर उतरते. तो कागद म्हणजे मीडियम. त्याला चहूकडून जरा कमी केलं की स्मॉल, जरा वाढवलं की लार्ज. थोडक्यात काय, आमची पँट घालणारी प्रत्येक बाई माझ्यातून निघते. ऐन विशीत मी तिथे बटणं लावायला लागले होते. एक दिवस मापाची मुलगी आली नाही, तेव्हा मास्तरांनी मान वर करून सगळ्या मुलींवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "बाई, जरा उभ्या राहता का?" तेव्हा जी उभी राहिले ती आजतागायत उभीच आहे. मास्तर तेव्हाही मला बाईच म्हणत आणि अहोजाहो करत, माझं वय दिसत असूनही. बाकीच्यांनी मात्र माझं नाव कधीच टाकून दिलं. "मीडियमला बोलवा," "मीडियम जेवायला गेली का," असंच चालतं. एकदा पगाराच्या पाकिटावरसुद्धा कुणीतरी मीडियम लिहिलं होतं आणि मला ते बरोबर मिळालं.

उभं राहणं हे काम आहे, हे सांगून पटत नाही कुणाला. हात अंगापासून जरा लांब, श्वास सोडलेला पण पोट ओढलेलं नाही, नजर समोरच्या खिडकीवर. पोट ओढायचं नाही हा मास्तरांचा पहिला नियम. "बाई ऑफिसात आठ तास काय पोट ओढून बसणार आहे?" त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. गच्चीवरच्या टाकीला दर वर्षी नवा रंग लागताना मी पाहिलाय. टाचणीचं गार टोक अंगाला न लागता कापडातून जातं ते मला कातडीला कळतं. त्या गारव्यात माझं सगळं आयुष्य गेलं. लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, चाळिशी आली, पाळी जायची वेळ आली, आणि आमची पँट मला बसतच राहिली. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. कधीतरी कच्च्या पँटीचा हुक लागायचा नाही. मग मास्तर वाकायचे, टाचणी काढायचे, शिलाईत दुमडून राखलेली माया जरा मोकळी करायचे आणि म्हणायचे, "कापड आटलंय, बाई." मी म्हणायची, "हो का?" मांजरपाट आटतं हे खरंच आहे. पण ते धुतल्यावर. न धुतलेलं कापड दर वर्षी नेमकं माझ्या पोटावरच कसं आटतं, हा प्रश्न मला पडला नाही, म्हणजे बघा. भिंतीवर मापांचा तक्ता होता, त्याच्याकडे मास्तर ढुंकूनही बघत नसत. "तक्त्याला पोट नसतं," म्हणायचे.

मग नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, हुशार, बोलायला गोड, हातात कायम टेप. त्यांनी गोदाम उपसून माझ्या पहिल्या दिवसांतली एक कच्ची पँट शोधून काढली, खडूची रेघ अजून जागच्या जागी असलेली, आणि म्हणाल्या, "ताई, गंमत म्हणून घालून बघता?" मी गंमत म्हणून घातली. मांड्यांशीच अडकली. कटिंग टेबलाभोवती सगळे जमलेले, बटणं लावणाऱ्या मुली, इस्त्रीवाला, मास्तर. मास्तर पुढे झाले आणि सवयीने बोलून गेले, "कापड आटलंय." मॅडम हसल्या. वाईट नाही, पण हसल्या, आणि त्या हसण्यात मला सगळं एकदम कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांचा मला राग यायला हवा होता, तो आला नाही. उलट त्यांच्याकडे बघवेना, कारण ते खडूचा तुकडा उगाच टेबलावर घासत बसले होते. मॅडम नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोष कुणाचाच नाही, ताई. बाजारातल्या मीडियमपेक्षा आपलं मीडियम एका मापाने मोठं झालंय, एवढंच. माणूस बदलतं. म्हणून आता डमी करून घ्यायचीय. मशीन अंगाभोवती फिरतं आणि हुबेहूब पुतळा बनतो. तुमच्यावरूनच करायला मला आवडेल, तुमची ठेवण चांगली आहे. फक्त तक्त्यात बसायला हवं. वर्षभरात बसलात तर तुमची, नाही तर एखादी मुलगी बघू. आणि नोकरीची काळजी करू नका, तपासणीच्या टेबलावर तुम्हाला घेणारच आहे." नोकरीची काळजी मला नव्हतीच. मला तो पुतळा हवा होता. इतकी वर्षं उभी राहिल्यावर त्या खिडकीसमोर दुसरीच कुणी उभी करणार, हे मला सहन होईना. आणि उभी राहायची तर अशी सुटलेली नाही, पहिल्या पँटीतली, आटोपशीर, जिच्याकडे बघून मास्तरांनी मान वर केली होती ती.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसत सुटला. "पुतळा? अगं, मोठ्या माणसांचे मेल्यावर उभारतात. तुझा जिवंतपणीच, आणि तोही बिनडोक्याचा. बरोबर आहे म्हणा, डोकं तू कधी वापरलंच नाहीस." तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या जगात सगळ्या गोष्टी वर जातात किंवा खाली येतात, मधे अडकलं तरच त्याला बोलावतात. "आमच्या हिशेबात एक माणूस अडुसष्ट किलोचं धरतात," तो म्हणाला. "तू एक माणूस आहेस ना? अडुसष्टच्या आत आहेस ना? झालं तर मग." मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." तो म्हणाला, "नाही कळायचं, पण बटाटा वाढ." मी त्याला बटाटा वाढला आणि स्वतः घेतला नाही. सुरुवात तिथून झाली.

पहिले काही महिने मी अगदी मूर्खासारखी वागले. ताटातलं निम्मं कमी, रात्रीचं बंद, सकाळी श्वास सोडून अनवाणी काट्यावर. काटा उतरत होता आणि त्याच्याबरोबर माझा जीव वर येत होता. भुकेची एक गंमत आहे, ती थोड्या दिवसांनी आपली मैत्रीण असल्यासारखी वागायला लागते. मी तिच्याशी बोलायचे. कच्ची पँट चढवताना मला वाटायचं, आज मास्तर आत घेणार. पण मास्तर गोंधळलेले. पोटावर कापड ओढतंय ते ओढतंयच, आणि मागे लोंबतंय. "कापडाचा उभा धागा तिरका गेला वाटतं," ते म्हणाले आणि पुन्हा कापायला घेतलं. मग मी एका जिममध्ये नाव घातलं. तिथे एक मशीन होतं. त्याच्यावर अनवाणी उभं राहून दोन्ही हातांत दांडे धरायचे, ते अंगातून न कळण्याइतका करंट सोडतं आणि सांगतं, पाणी इतकं, हाडं इतकी, स्नायू इतके, चरबी इतकी. बाजारातून आल्यावर पिशवी ओट्यावर रिकामी करावी तसं सगळं वेगवेगळं. तिथली शिकवणारी पोरगी कागद बघून म्हणाली, "काकू, वजन उतरलंय, पण चरबी आहे तिथेच आहे. तुम्ही स्नायू घालवलेत." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत," ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली.

त्या संध्याकाळी आंघोळीला गेले तेव्हा मी माझा दंड दुसऱ्या हाताने धरून पाहिला. वरून साबण, खाली सैल कातडी, आणि मधे जे भरलेलं असायचं ते नव्हतं. तो दंड माझ्या ओळखीचा होता. आईचा होता. शेवटच्या आजारात आईला आंघोळ घालताना मी तो असाच धरायची, घट्ट धरावा तर दुखेल, सैल धरावा तर निसटेल. तेव्हाही बायका भेटायला यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "बारीक झालात हो," आणि मग ओठ चावायच्या, कारण एरवी ते कौतुक असतं. आईचे कपडे मी दर काही दिवसांनी आत घ्यायची. माझ्याकडे शिलाई मशीन होतं, हात होता, दुसरं काय करता येत होतं मला? ती खाटेवरून बघायची आणि म्हणायची, "आतली माया कापू नकोस गं. मी भरून येईन, तेव्हा उसवायला लागेल." मी कापली नाही. दर शिलाईत बोटभर कापड दुमडून ठेवलं, इतकं की शेवटी तिचे कपडे आतून जाड आणि ती बारीक. ते कपडे अजून कपाटात आहेत. नळ चालू ठेवून मी बराच वेळ नुसती उभी राहिले आणि मला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी. मी जे काट्यावर दाखवत होते ते जाणं होतं. आटोपशीर होणं आणि संपत जाणं काट्याला सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खायला लागले. अंडी, मासे, डाळी, पोरगी सांगेल ते, आणि तिच्यासमोर लोखंड उचलायला लागले. पहिल्यांदा उचललं तेव्हा माझ्या तोंडून असा आवाज आला की पलीकडचा पहिलवान दचकला. मग एक विचित्र काळ गेला. काटा हलेचना. आठवड्यांमागून आठवडे तेच आकडे, एखाद्या हट्टी म्हाताऱ्यासारखे. पण टेप हलायला लागली. कंबर एका बोटाने, मग दोन बोटांनी आत. मशीनच्या कागदावर चरबी छत्तिसावरून हळूहळू खाली येत अठ्ठाविसावर आली, स्नायू वर चढले, आणि वजन मात्र जवळपास तेच. मी वजनाची होते तेवढीच होते, फक्त आत सामान हललं होतं. पाण्याचा मोठा कॅन मी एका हाताने उचलून ठेवला तेव्हा नवरा म्हणाला, "आता घरात वादावादी जपून करायला हवी." मला खूप बरं वाटायचं त्या दिवसांत, खोटं कशाला बोलू? जिना चढताना पाय आपले वाटायचे. आणि कच्ची पँट अंगावर आली की मास्तर चिमटीत घ्यायचे, थोडं, दर खेपेला आणखी थोडं. आत घेताना ते काहीच बोलत नसत. आटलंय म्हणायचे दिवस गेले होते आणि नवं काय म्हणावं ते त्यांना सुचलं नसावं. मी खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत मनातल्या मनात नाचायची. ती चिमूट कुठे जाते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कागदावर जाते, कागदावरून कापडावर, कापडावरून दुकानात. माझी कामाची रीतच ती. पण चिमूट माझी होती ना, म्हणून ती मला फक्त माझीच दिसली.

मागच्याच आठवड्यात त्या पुतळ्याच्या मशीनने माझं माप घेतलं. अंगाला चिकटणारा पातळ पोशाख घालून एका गोल चौथऱ्यावर उभी राहिले, हात जरा लांब, नजर समोर, सवयीचंच. उजेडाची एक पट्टी डोक्यापासून पायापर्यंत फिरली आणि झालं. ना गार टोक, ना खडू, ना मानेशी कुणाचा श्वास. कुणी हातसुद्धा लावला नाही. मॅडमनी पडद्यावरचे आकडे तक्त्याशी ताडून पाहिले आणि मला मिठीच मारली. "ताई, बसलात!" त्याच आनंदात आज मी दुकानात शिरले होते. तीच राखाडी पँट, चार-सहा महिन्यांपूर्वी माझ्या अंगावर टाचलेली, ती आता लेबल लावून कशी दिसते ते बघायला.

मी पँट न बदलता तशीच पडद्याबाहेर आले. ती बाईही बाहेर येत होती. माझ्याच वयाची, खांद्याला ऑफिसची पिशवी, केस घाईने बांधलेले. तिचं पोट मला ओळखू आलं. दुसरा शब्द नाही त्याला. बेंबीखाली डावीकडे जरा जास्त, कमरेवर मागे एक घडी, अगदी मी गेल्या वर्षी होते तशी. आम्ही दोघी बरोबरीने वाढलो होतो आणि आज पहिल्यांदा भेटत होतो. तिने माझ्या पँटीकडे बघितलं, घडी न पडलेल्या पट्ट्याकडे बघितलं. "तुम्हाला बसली," ती म्हणाली. "नशीबवान आहात." तिच्या हातात ती पँट नीट घडी घालून ठेवलेली, जसं काही पँटीची माफी मागितली होती. मला पुष्कळ काही सांगायचं होतं. सांगायचं होतं की बाई, तुमच्या पोटाचा ह्यात काही संबंध नाही, माझ्या गर्वाचा आहे. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्ही नाही सुटलात हो," मी म्हटलं. "कापड आटलंय." तिची मुलगी हसली. "काकू, अजून धुतलंसुद्धा नाही." बाईही हसली, पण तिने घडी घातलेली पँट काउंटरवर ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही. जाताना तिने पिशवी पोटासमोर धरली होती.

घरी चालत आले. वाटेत दिसेल त्या बाईच्या कमरेकडे माझी नजर जात होती. किती जणी आज कुठल्या ना कुठल्या पडद्यामागे श्वास ओढून उभ्या राहिल्या असतील! मीडियमच नाही, स्मॉल आणि लार्जसुद्धा, कारण त्याही माझ्यातूनच निघतात. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तुझं चांगलं झालं ना? तब्येत सुधारली." मी म्हटलं, "माझं झालं." तो म्हणाला, "आमच्याकडे समज, उद्या कुणी ठरवलं की एक माणूस पन्नास किलोचं. दारावरची पाटी तीच, माणसं तीच. पण लिफ्ट भरली की ओरडायला लागणार. आणि लिफ्ट ओरडली की माणसं लिफ्टकडे बघत नाहीत, एकमेकांच्या पोटाकडे बघतात. शेवटी जी त्यातल्या त्यात जाड असते ती गुपचूप बाहेर पडते आणि जिन्याने जाते." मग उठून त्याने माझं ताट माझ्यासमोर सरकवलं. "जेव. उपाशीपोटी काही ठरवू नकोस," तो म्हणाला. मी जेवले.

डमी आली त्या दिवशी मी मॅडमकडे गेले. कंपनीच्या बोळात परत आलेल्या मालाचे खोके लावून ठेवलेले होते, त्यांच्यामधून अंग चोरून जावं लागत होतं, आणि मला आता ते सहज जमत होतं. मॅडमच्या टेबलावर राखाडी कापडाचा तुकडा. "ताई, काय चाललंय कळत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, पँट तंग आहे. कापड आटतंय का ते तपासायला पाठवलंय." मला हसू आलं आणि रडूही आलं. "कापड नाही आटलं, मॅडम," मी म्हटलं. "मी आटलेय." त्यांनी मान वर केली. "पण तक्त्याप्रमाणे आपण आत्ता बरोबर आहोत. पहिल्यांदाच बरोबर आहोत." "असू की. पण तक्ता दुकानात येत नाही. बायका येतात. त्या माझ्याबरोबर वाढल्या. मी एकटी परत फिरले, त्यांना न सांगता." मॅडमनी तो तुकडा बाजूला सरकवला. त्यांचं हसणं आज कुठे नव्हतं. "पण डमी तर झाली ना, ताई. तुम्हीच तर एवढे कष्ट केलेत तिच्यासाठी. ती काही आता फुगवता येणार नाही." दारात मास्तर कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "येते की," ते म्हणाले. "एका पँटीपुरतं बघू. गोदामात कापसाचे थर पडलेत." मॅडम म्हणाल्या, "एका पँटीपुरतं."

ती खिडकीसमोर उभी होती, माझ्या जागेवर. डोकं नाही, हात नाहीत, कोऱ्या कापडाने मढवलेली. मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण ती सुंदर होती. माझे खांदे, माझी कंबर, वर्षभर उचललेलं सगळं लोखंड तिच्यात होतं. हीच हवी होती मला. मी एकदा तिच्या पोटावरून हात फिरवला, सपाट, घट्ट, आणि मग मास्तरांनी पुढे केलेला कापसाचा पहिला थर घेऊन तिथे लावला. मास्तर म्हणाले, "जुने कागद काढू का? माप मिळेल." मी म्हटलं, "नको, मला येतं." हाताला सगळं माहीत होतं. बेंबीखाली डावीकडे एक थर जास्त, तो धाकट्याच्या वेळचा. मागे कमरेवर घडी, ती बसून बसून आलेली. मांडीच्या बाहेरून थोडं, आतून थोडं, नितंब जरा खाली. मी लावत होते, मास्तर टाक्यांनी पक्कं करत होते. ज्याची लाज वाटून मी वर्षभर त्याच्यामागे काठी घेऊन लागले होते, ते मी आता ओंजळीने परत आणून ठेवत होते, आणि ठेवताना मला त्याची माया वाटत होती, हे कबूल करते. इस्त्रीवाला येऊन बघत उभा राहिला. "आता मीडियम म्हणून हाक कुणाला मारायची?" त्याने विचारलं. जे उतरवायला वर्ष गेलं, ते चढवायला एक दुपार पुरली.

मास्तरांनी तिच्यावर कच्ची पँट टाचली, उसवली, पुन्हा टाचली, आणि सगळं मनासारखं झाल्यावर शिवून आणली. तिला ती नीट बसली. मॅडमनी स्वतः पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली, मग टेप काढली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, न मोजताच गुंडाळून ठेवली. "ही जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आणि पुढची पण हिच्यावरच टाचा, मास्तर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, एकदा तुम्हीपण घालून बघा ना. सवय म्हणून." मी पडद्यामागे जाऊन ती पँट घातली आणि बाहेर आले. हुक लागला होता, पण लागून उपयोग नव्हता. पट्ट्यात बोटं काय, आख्खी मूठ जात होती, आणि मूठ सोडली असती तर पँट खाली आली असती. इतक्या वर्षांत आमच्या कंपनीचं मीडियम मला पहिल्यांदाच बसलं नव्हतं. मी डमीच्या शेजारी पँट मुठीत धरून उभी राहिले, दुसरा हात अंगापासून जरा लांब, नजर टाकीवर, कारण मला दुसरं उभं राहता येत नाही. मास्तर सवयीने तोंडात टाचण्या धरून पुढे झाले, वाकले, चिमूट घ्यायला हात केला, आणि तो हात मधेच थांबला. माझ्या अंगावर आता टाचायचं काही नव्हतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावर बांधलेल्या गादीला टोचून ठेवल्या. मग कापडाला नुसतं बोट लावून म्हणाले, "कापड ताणलंय, बाई."

"हो ना, मास्तर," मी म्हटलं. "कापडाचं काही खरं नाही."